कुंतीने घरी का सांगितले नाही?

'अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले' ही ओळ वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर इतकी नेहमीची झाली आहे, की डोळा तिच्यावरून घसरतो आणि कांद्याच्या भावावर जाऊन थांबतो. त्या ओळीतला पोलिसी शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. 'फूस लावली' म्हटले की लावणारा कुणीतरी आहे हे वाक्यातच कळते. तीच गोष्ट ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, सोयऱ्याधायऱ्यांत बोलली जाते तेव्हा क्रियापद बदलते आणि आपण म्हणतो, 'पोरगी नादी लागली'. 'लावणे'चे 'लागणे' झाले की लावणारा वाक्यातून निघून जातो आणि जे काही झाले त्याची कर्ती म्हणून पोरगी एकटी उरते. मुलगा असेल तर 'पोरगं वाया गेलं'. तिथेही वाया घालवणारा कुणी नाही. आज ही फूस लावायला कुणाला बसस्टँडवर उभे राहावे लागत नाही. सटाण्याच्या एखाद्या मळ्यातल्या घरात, बाप बाजार समितीत आणि आई डाळिंबाच्या बागेत असताना, ती खिशातल्या फोनमधून येते. आपल्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, घरातला फोन खऱ्या अर्थाने चालवतो तो शाळकरी मुलगा किंवा मुलगी. सातबारा काढणे, पीएम किसानची केवायसी करणे, बापाच्या खात्यात कांद्याचे पैसे आले का ते पाहणे, ही कामे त्यांचीच. घराचा कारभारी असलेल्या या मुलाला कुणी धमकावले, तर तो तेवढे एक मात्र घरात सांगत नाही. मला या न सांगण्याचा विचार करायचा आहे. तो पोलिसांचा आणि तंत्रज्ञांचा विषय आहेच, पण त्याच्या तळाशी धर्माचा एक जुना प्रश्न आहे: फसवल्या गेलेल्याच्या हातून जे घडले, त्याचे पाप कुणाचे?

आधी हे घडते कसे ते जवळून पाहू. पहिला मेसेज घाण नसतो. घाण असता तर मुलाने तो लगेच ब्लॉक केला असता. एखाद्या खेळात सोबत खेळलेला कुणी, किंवा आपल्याच वयाच्या मुलीचा फोटो लावलेले एखादे खाते, साधे काहीतरी विचारते. कुठल्या शाळेत आहेस, कुठली टीम आवडते. मग कौतुक सुरू होते. मग घरची विचारपूस: आत्ता जवळ कोण आहे, आई फोन बघते का, बाबा रागीट आहेत का. हे प्रश्न मायेचे वाटतात, पण चोर दिवसा घर पाहून जातो तशी ती पाहणी असते. मग एखादे छोटे गुपित, 'हे आपल्या दोघांतच', आणि त्यामागून 'चॅट डिलीट कर'. त्यानंतर एक फोटो मागितला जातो. फोटो गेला की दहा मिनिटांत आवाज बदलतो. मुलाच्या मित्रांची, नातेवाइकांची, शाळेच्या ग्रुपची यादी त्यालाच दाखवली जाते आणि सांगितले जाते की आणखी पाठव, किंवा पैसे पाठव, नाहीतर हे सगळ्यांना जाईल. कायद्याने हा पहिल्या पायरीपासूनच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आलेले कलम 67 ब लैंगिक हेतूने मुलांशी ऑनलाइन संबंध वाढवणे, त्यांना त्यासाठी भुलवणे, उद्युक्त करणे हेच शिक्षापात्र ठरवते. पण त्या यादीतले पहिले नाव 'पप्पा' किंवा 'मम्मी' असते आणि धमकीचे सगळे बळ त्या एका नावात असते. परमुलखात बसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात आपल्या मुलावर चालवायला जे शस्त्र आहे, ते त्याने आपल्याच घरातून उचललेले आहे.

महाभारताच्या वनपर्वात ही गोष्ट येऊन गेली आहे. कुंतीची कथा आपण मंत्राच्या सामर्थ्याची आणि कर्णाच्या जन्माची कथा म्हणून ऐकतो. व्यासांनी त्या मुलीची भीती किती तपशिलात लिहून ठेवली आहे याकडे आपले लक्ष जात नाही. शूराने आपली मुलगी कुंतिभोजाला दिलेली. घरी दुर्वास आले तेव्हा कुंतिभोजाने तिला त्यांच्या सेवेला ठेवले, आणि ठेवताना बजावले की हा ब्राह्मण रागावला तर माझे सारे कुळ जळून जाईल. म्हणजे ही मुलगी वाढली तीच मुळी मोठ्यांना खूश ठेवण्याच्या शिकवणुकीत आणि आपल्या चुकीने घर बुडेल या धाकात. सेवेच्या बदल्यात देवाला बोलावण्याचा मंत्र मिळाला, उत्सुकता वाटली, एका सकाळी उगवत्या सूर्याकडे पाहून तिने तो म्हणून पाहिला. सूर्य आला. ती म्हणाली, मी कुतूहलाने हाक मारली, परत जा. यापुढचा सूर्याचा युक्तिवाद सावकाश वाचावा. आधी तो तिला सांगतो की तुझ्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे, तुला माझ्यापासून पुत्रच हवा होता. तिच्या मनाचा अर्थ तो लावतो. मग धमकी येते: मला रिकामा पाठवलेस तर तुला, तुझ्या बापाला आणि मंत्र देणाऱ्या ब्राह्मणाला शाप देईन, जाळून टाकीन. मग लाज येते: आकाशातले देव माझी फजिती झालेली पाहून हसताहेत. तू बाल आहेस म्हणून मी तुझी समजूत काढतो आहे, हे उपकारही तो बोलून दाखवतो. ती म्हणते, हा पोरपणाचा अपराध आहे, क्षमा करा. माझे शरीर द्यायचा अधिकार आईबापांचा आणि वडीलधाऱ्यांचा आहे. त्यावर तो तिला व्याकरण सांगतो: 'कन्या' हा शब्द इच्छा करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, कन्या स्वतंत्र असते, तिच्यावर बापाची, आईची, कुणाचीच सत्ता नसते. आणि शेवटी आश्वासन देतो की तू पुन्हा कन्याच राहशील. स्वतःच्या भीतीपेक्षा निरपराध बापाच्या आणि त्या ब्राह्मणाच्या भीतीने ती कबूल होते. नंतरचे दिवस एका दाईखेरीज कुणालाही कळत नाहीत. जन्मलेल्या बाळाची पेटी अश्वनदीत सोडली जाते आणि मुलगी राजवाड्यात परत येऊन बसते.

सूर्य देव आहे, ती लीला होती, तिला आजच्या चिखलात ओढणे हा अधर्म आहे, असे कुणी म्हणेल. ही हरकत मी हलकी मानत नाही. रोज अर्घ्य देणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला धक्का लावण्यात मला काही मिळवायचे नाही. पण भयाने तिचे गळून जाणे, तिच्या विनवण्या, तिचे हिशेब, पेटी सोडतानाचे तिचे रडणे हे सारे ग्रंथातच आहे. ते गाळून वाचायचे हा निर्णय आपण घेतला, व्यासांनी घेतला नाही. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने मराठी वाचकाला या व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहायची सवय लावली, आणि त्यामुळे महाभारताची उंची कमी झाली नाही. शास्त्राकडे मुलांच्या बाजूने पाहण्याची परंपराही आपल्याकडे आहे. 1891 साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय 10 वरून 12 केले जात होते. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळक विरोधात उभे होते, तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकर धर्मग्रंथच उघडून बसले आणि विवाहाच्या वयाबद्दल ग्रंथ खरोखर काय म्हणतात ते त्यांनी लिहून काढले. परक्या सत्तेला घरात येऊ न देण्याचा टिळकांचा आग्रह समजण्यासारखा होता. पण त्या वादात ज्या मुलींविषयी बोलणे चालले होते त्यांना बोलायला कुणी बोलावले नव्हते, आणि त्यांचा पक्ष ग्रंथातून वाचून दाखवणारा माणूस धर्माबाहेरचा नव्हता.

कुंतीने घरी सांगितले नाही याचे कारण तिला बाप दुष्ट वाटत होता असे नाही. कुंतिभोज प्रेमळ आहे. तिला हे ठाऊक होते की सांगितले तर जळणारे कुळ आपल्यामुळे जळेल. मुलांना फसवणारा नेमका याच जागी हात घालतो. 1994 साली जळगावात लैंगिक शोषणाचे जे प्रकरण उघडकीला आले त्यात इंटरनेट नव्हते, स्मार्टफोन नव्हते. कॅमेरा होता, फोटो आणि चित्रफिती होत्या, आणि त्या दाखवू या एका वाक्यावर मुली आणि बायका महिनोन् महिने नाचवल्या गेल्या. प्रकरण फुटल्यावर तक्रार द्यायला पुढे आल्या त्या फार थोड्या. जळगावची मुलगी म्हटले की सोयरीक मागे फिरते असे त्या वेळी खानदेशभर बोलले जात होते. म्हणजे ज्यांनी सांगितले नाही त्यांचा हिशेब चुकला नव्हता. समाज तशीच शिक्षा देणार होता आणि त्याने ती सगळ्या गावातल्या मुलींना देऊ केली. तीस वर्षांत कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली, चित्रफितीची जागा स्क्रीनशॉटने घेतली, गावातल्या गुंडाची जागा परदेशातल्या टोळीने घेतली. धाकाचे भांडवल तेच राहिले. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले, त्यांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून थोडी जास्त होती, निम्मे छळणारे ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलेले नव्हते. मुलग्यांविषयी तर आपल्याकडे शब्दसुद्धा तयार नाहीत. अब्रू हा शब्द आपण मुलीसाठी राखून ठेवला, आणि मुलाला लाज वाटू शकते हे मानलेच नाही. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने, मुलीच्या नावाच्या खोट्या खात्यावरून आलेल्या अशाच धमकीनंतर काही तासांत जीव दिला. खाते चालवणारे दोन भाऊ नायजेरियात सापडले, 2024 मध्ये त्यांना साडेसतरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. घरातली माणसे त्या रात्री त्याच छताखाली होती.

आता पापाच्या प्रश्नाकडे येऊ. कर्मविपाक मानणारा माणूस विचारील: बटण मुलाने दाबले, फोटो मुलाने पाठवला, मग कर्माचा कर्ता तो नाही का? महाभारताकडे याचेही उत्तर आहे, आणि ते इतके स्पष्ट आहे की ते आपल्या प्रवचनांतून रोज का ऐकू येत नाही याचे मला नवल वाटते. मांडव्य ऋषी चोर समजून सुळावर दिले गेले. पुढे त्यांनी यमधर्माला विचारले, माझ्या कुठल्या पापाचे हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू कीटकांच्या शेपटात काडी खुपसली होतीस. त्यावर ऋषीने धर्माला शाप दिला: पोराच्या छोट्या चुकीला तू एवढी शिक्षा दिलीस, म्हणून तू शूद्रयोनीत जन्म घेशील, आणि आजपासून मी मर्यादा घालतो, चौदा वर्षांपर्यंत केलेले कृत्य पातक ठरणार नाही. शापाच्या शब्दांत त्या काळची जातीची उतरंड आहे आणि ती तशीच वाचायला हवी, झाकायला नको. पण शाप कुणाला मिळाला ते पाहा. तो खुद्द धर्माला मिळाला, आणि त्याचा अपराध एकच, की त्याने मुलाच्या कृत्याला मोठ्या माणसाचा तराजू लावला. तो धर्म विदुर म्हणून जन्मला. पांडव वनवासाला गेले तेव्हा कुंती तेरा वर्षे राहिली ती या विदुराच्याच घरी. मुलीपणीची एक गोष्ट काळजात ठेवून जगणारी बाई आणि मुलांना शिक्षा केल्याबद्दल शापलेला धर्म, एका छताखाली तेरा वर्षे; तिने त्याला ते सांगितल्याचा उल्लेख नाही. वयोमर्यादेचा आकडा आपण पुढे बदलला. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले. पण ज्याची फसवणूक झाली त्या मुलाकडे पातक जात नाही, हा विचार परक्यांनी आणला असे म्हणायला जागा नाही.

सगळ्यात सबळ हरकत आईबापांची असते आणि ती प्रेमातूनच येते. ते म्हणतात, धाक हवाच. चूक केली तरी घरी कुणी काही बोलणार नाही हे पोराला आधीच कळले, तर ते चूक करायला मोकळे होईल. धाकाने काही मुले काही गोष्टी टाळतात हे खरे आहे. पण धाक चूक होण्याआधी जेवढे काम करतो त्याच्या कितीतरी पट चूक झाल्यानंतर तो उलटा फिरतो. फोटो गेल्यानंतरच्या पहिल्या तासात मुलाला सगळ्यात जास्त गरज मोठ्या माणसाची असते, आणि त्याच तासात 'असलं काही केलंस तर याद राख' हे बापाचे वाक्य त्याच्या कानात सगळ्यात मोठ्याने वाजते. नियम ठेवावेत, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लावावा, मोडला तर रागवावे. पण नियम आणि अट यांत अंतर आहे. नियम मोडला तर शिक्षा होते आणि नाते राहते. 'तोंड दाखवू नकोस' ही अट असते, आणि ती मोडली की नातेच जाणार असे मूल समजते. धमकावणारा त्या अटीवर जगतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत, त्यात सर्वांत पहिला अभय आहे. सत्त्वशुद्धी, ज्ञान, दान, तप सगळे त्याच्या मागून येतात, आणि ज्ञानेश्वरांनीही त्या गुणांचे निरूपण अभयापासूनच सुरू केले आहे. भ्यालेल्या मनात बाकीचे गुण रुजतच नाहीत, असा त्या क्रमाचा अर्थ मी घेतो. मुलाला स्वतःच्या बळावर निर्भय होता येत नाही. त्याला अभय कुणीतरी द्यावे लागते, आणि ते संकट येण्याच्या आधी द्यावे लागते, कारण संकटात ते मागण्याचे धैर्य त्याच्यात नसते.

सटाण्याला हा विचार नवा वाटायला नको. आरम नदीच्या काठी ज्यांचे मंदिर आहे आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला ज्यांची यात्रा भरते, ते यशवंत महादेव भोसेकर इथले मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले 1 लाख 27 हजार रुपये उपाशी लोकांना वाटले आणि चौकशीच्या वेळी खजिना भरलेला निघाला, असे सांगतात. भाविक त्या चमत्कारापाशी हात जोडतात. मला त्याच्या आधीचा क्षण जास्त मोठा वाटतो. दाराशी आलेल्याला त्यांनी आधी हिशेब विचारला नाही: तू पेरणी नीट केली होतीस का, गेल्या साली धान्य का विकलेस, सावकाराकडे का गेलास. हे प्रश्न खोटे नव्हते, कदाचित त्यांतल्या काहींची उत्तरे लोकांच्या विरुद्ध गेली असती. पण क्रम त्यांनी ठरवला होता. आधी हातात पैसा, हिशेब नंतर, आणि तोही वरिष्ठांना आपण स्वतः द्यायचा. या गावाने त्या क्रमाला देवपण दिले. मुलगा रात्री दाराशी येऊन उभा राहतो आणि काही न बोलता अंगठ्याने फोनची कड खरवडत राहतो, तेव्हा 'तू फोटो पाठवलासच का' हा प्रश्न खरा असला तरी तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिल्याला आपल्या अहिराणीत दोन शब्द पुरतात: काय व्हयनं? आणि त्याने सांगेपर्यंत जवळ बसायचे.

फोनच काढून घ्या, प्रश्न मिटला, असेही सुचवले जाते. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती 10 डिसेंबर 2025 पासून बंद करण्याचा कायदा केला आहे. कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा तो प्रयत्न आहे आणि त्याचा अनुभव आपण लक्ष देऊन पाहावा. घरापुरती बंदी मात्र वेगळी चालते. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांच्या 2023 च्या 'असर' पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 43.7 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींमध्ये हे प्रमाण 19.8 टक्के होते. बाकीच्या मुली फोन वापरतात तो भावाचा, आईचा, मैत्रिणीचा, मिळेल तेवढा वेळ, मागे वळून पाहत. फोन मुळातच चोरून वापरला असेल तर त्यावर काय घडले हे सांगताना दोन गुन्हे कबूल करावे लागतात. बंदीने फोन जातो आणि गुपित राहते, आणि धमकावणाऱ्याला गुपितच हवे असते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. मला या प्रयोगात मोलाचे वाटते ते हे की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. बापाचा फोनही त्या वेळी फळीवर असतो. असा दीड तास रोज मिळणाऱ्या घरात एखाद्या दिवशी मूल गप्प आहे हे कुणाच्या तरी ध्यानात येण्याची शक्यता असते.

आणखी एक हरकत तरुणांच्या बाजूने येते आणि तिला न्याय द्यायला हवा. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचे खरे प्रेम असते, घरच्यांना जात किंवा मुलगा पसंत नसतो, आणि पॉक्सोची तक्रार होऊन मुलगा तुरुंगात जातो. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच संदर्भात संमतीच्या वयाचा विचार संसदेने करावा असे म्हटले. 'फूस लावून' हे शब्द आईबाप कधी कधी प्रेम मोडण्यासाठीही वापरतात, हे मान्य केले पाहिजे. पण मग प्रेम आणि फूस यांत फरक कसा करायचा? सूर्याच्या बोलण्यात ती खूण सापडते. त्याने स्वातंत्र्याचा शब्द वापरला तो धमकी देऊन झाल्यानंतर. तू स्वतंत्र आहेस असे सांगितले, पण नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य तेवढे ठेवले नाही. 'तू आता मोठी झालीस, घरच्यांना विचारायची गरज काय' हे वाक्य बरोबरीचा प्रियकरही बोलू शकतो. पण तिने नाही म्हटल्यावर जो शाप काढतो, बापाचे नाव घेतो, फोटो काढून दाखवतो, त्याच्या तोंडी स्वातंत्र्य हा गळाला लावलेला आमिषाचा तुकडा असतो. आणि हे ओळखायला अंगाला हात लागलेला असण्याची गरज नाही. 2021 च्या जानेवारीत नागपूर खंडपीठाच्या एका निकालाने कातडीला कातडी भिडल्याशिवाय पॉक्सोखाली लैंगिक हल्ला होत नाही असे ठरवले होते. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि लैंगिक हेतू हीच मुख्य गोष्ट असल्याचे सांगितले. तो निकाल स्पर्शाविषयी होता, पण त्यातला विचार फोनच्या काचेलाही लागू पडतो: अधर्म कातडीत मोजायचा नाही, करणाऱ्याच्या मनात मोजायचा. तसे मोजले तर फोटोतल्या मुलाच्या अंगाला काहीच चिकटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात मुलांच्या अशा चित्रांना अश्लील साहित्य म्हणू नका, ते मुलांच्या शोषणाचे आणि छळाचे साहित्य आहे, असे बजावले. तीही 'लागली'चे पुन्हा 'लावली' करण्याचीच दुरुस्ती आहे.

कुंतीने शेवटी सांगितले. युद्ध संपल्यावर, गंगेच्या काठी पांडव मेलेल्यांना पाणी देत होते तेव्हा ती म्हणाली, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. तोवर सगळे होऊन गेले होते. आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलेल्या आईला धर्मपुत्र युधिष्ठिराने काय दिले? शाप दिला, की स्त्रियांच्या पोटात यापुढे कुठलीच गोष्ट राहणार नाही. त्याचे दुःख खरे होते. भावाला भावाने मारले होते. पण ती कुणाला आणि का भ्याली होती, हे त्याने त्या क्षणी विचारले नाही. सटाण्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या मुलाला आज सांगायच्या वाटा कुंतीपेक्षा जास्त आहेत. 1098 वर मुलांसाठी फोन आहे, 1930 वर सायबर गुन्ह्यांची नोंद होते. पैसे पाठवायचे नाहीत, चॅट पुसायची नाही, ती पुरावा असते. 'टेक इट डाउन' या सेवेत चित्र फोनबाहेर न जाता त्याची केवळ संगणकी ठशासारखी खूण घेतली जाते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र अडवतात. पॉक्सोच्या 24 व्या कलमाप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि घेताना अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नको. कुंतीसमोर जो आला तो मुकुट आणि बाहुभूषणे लेवून, पूर्ण तेजात आला होता. इथे राज्यसत्ता आपला गणवेश उतरवून, साध्या कपड्यांत, ओट्यावरून आत येते आणि पडवीत सतरंजीवर बसते. समोर मूल असते, बाजूला आईबाप असतात. अधिकारी विचारते, आणि मूल उत्तर देण्याआधी एकदा बापाच्या चेहऱ्याकडे पाहते.